निम्मा गाळ

केनॅक फॉल्स, मेन
९ जानेवारी १९९३

बहिऱ्या आर्मांस,

यंत्रांनी तुझ्या कानांची वाट लावली तेव्हापासून फोनवर ओरडणं मी सोडून दिलं आहे. शिवाय आज जे ओरडायचं आहे ते तारेला सोसणार नाही. कागदाला सोसेल. तो आमच्याच गिरणीत बनलेला आहे.

गिरणी विकायला काढली आहे, हे तुमच्या उत्तरेतही पोचलं असेल. घेणारे लोक वसंतात येऊन सगळं तपासणार आहेत, आणि गाळ किती निघतो, म्हणजे तो टाकायला किती खर्च येईल, हे त्यांना आधी बघायचं आहे. म्हणून आमचा मॅनेजर होलिस व्हिटकॉम सोमवारी कँटीनमध्ये बाकावर उभा राहिला आणि म्हणाला, "या हिवाळ्यात आपण गाळ निम्म्यावर आणणार!"

मला आनंद झाला, आर्मां. वर्षानुवर्षं मी दुसरं काय मागते आहे? मी तिथेच उठून सांगितलं, की तीन नंबरच्या मशीनखालची चाळण फाटली आहे, ती आधी बदला. आपण ज्याला गाळ म्हणतो त्यात केवढा तरी चांगला लगदाच असतो. त्याचा कागद व्हायचा, तो माझ्याकडे, सांडपाण्याच्या टाक्यांत, वाहून येतो. मग प्रेसचे पट्टे बदला, म्हणजे गाळातलं पाणी पिळून निघेल आणि उरलेला कोरडा चोथा लाकडाच्या सालींबरोबर बॉयलरमध्ये जळेल.

व्हिटकॉम हसला. "ओदील, एवढी दगदग कशाला? काढायचाच नाही."

"काय काढायचं नाही?"

"गाळ. राहू दे टाकीत. बाहेर आलाच नाही तर मोजणार कोण?"

लोक हसले. आमचा जावई जोएलही हसला, मग माझ्याकडे बघून थांबला.

हा व्हिटकॉम अडाणी असता तर मी त्याला शिकवलं असतं. पण त्याने ऐन तारुण्यात आमच्या बाबांच्या हाताखाली याच टाक्यांवर काम केलंय. बाबांचं ते बोलणं त्यानेही ऐकलंय: टाकी म्हणजे गोठा, रोज चारा घाला, रोज शेण काढा. टाकीतले जंतू गिरणीची घाण खातात आणि वाढतात, वाढले की जादाचे बाहेर काढावेच लागतात, हे तो झोपेतही सांगेल. म्हणजे हे अज्ञान नाही, लबाडी आहे. लबाडीला शिकवता येत नाही. तिला आडवं जावं लागतं.

काल गाळ काढायच्या व्हॉल्व्हला त्याने पिवळं कुलूप लावलं. किल्ली त्याच्या खिशात.

तुझं मत कळव. न पटणारं असलं तरी कळव.

ओदील


लँबर्ट सायडिंग
२० जानेवारी

तोंडाळ ओदीलला,

मत न पटणारंच आहे, तेव्हा आधी बूड टेकव.

कुलूप त्याचं, व्हॉल्व्ह त्याचा, गिरणी त्याच्या मालकांची. थंडीत गाळ संथ असतो. टाकी हिवाळाभर तग धरेल. बर्फ वितळायच्या आत घेणारे येऊन जातील, कागदांवर सह्या होतील, मग व्हिटकॉमच किल्ली आणून देईल. तू तोवर गप्प बसायचंस. गप्प बसण्याचा तुला सराव नाही, हे मला माहीत आहे. थोडा कर. तुझं पेन्शन दाराशी आलंय आणि जोएलच्या घरात पाळणा हलतोय. गिरणी विकली गेली नाही तर बंद पडेल, हेही लक्षात ठेव.

इथे आमचं बरं चाललंय. बटाट्याचा कारखाना म्हणजे टाकीला रोजची मेजवानी. सालं, पिष्ट, तळणीचं तेल. आमचे जंतू गुबगुबीत झालेत. तुझे लाकूड चावणारे बिचारे बघितले की दया येते. आठवतं ना, मी इथे नवा असताना आमची टाकी मेली होती? मामांनी तुमच्याकडचा जिवंत गाळ टँकरने पाठवला होता विरजण म्हणून. पाठवला म्हणजे काय, स्वतः टँकरबरोबर आले. आमचा साहेब पुढे झाला तर त्याला बाजूला सारून पाइप माझ्या हातात दिला. म्हणाले, "जो चारणार, त्याच्याच हातात." साहेबाचं तोंड असं झालं होतं! तेव्हापासून ही रीत सगळ्या उत्तरेत पसरली. विरजण मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही, आणि देणारा ते चारणाऱ्याच्याच हातात देतो.

मामा असते तर तुला काय म्हणाले असते, हे मला विचारू नकोस. ते तुझ्यापेक्षा तोंडाळ होते.

व्हॉल्व्हला हात लावू नकोस. ऐक माझं.

तुझाच,
आर्मां


केनॅक फॉल्स
१६ फेब्रुवारी

आर्मां,

लावला हात.

चोरून नाही. जेवणाच्या सुट्टीत, भर दुपारी, फाटकापासून लोखंडी कातर खांद्यावर टाकून चालत गेले. बॉयलरवाले, साल सोलणारे, सगळे डबे हातात घेऊन मागे आले. कुलूप तोडलं आणि व्हॉल्व्ह उघडला. गाळ आला तो कसा, सांगू? काळपट, जाड, कुजक्या अंड्यांच्या वासाचा. श्वास कोंडलेला जीव बाहेर यावा तसा. मी म्हटलं, "बघून घ्या. हा तुमचा निम्मा झालेला गाळ."

व्हिटकॉम धावत आला. "तू कंपनीची मालमत्ता तोडलीस!"

"तोडली. ही घे, दोन तुकडे आहेत. एक तुझा, एक घेणाऱ्यांचा."

त्याच दिवशी मला घरी बसवलं. शुक्रवारी त्याने एक कागद पाठवला: 'गैरसमजातून माझ्या हातून नुकसान झाले, त्याबद्दल खेद आहे.' त्यावर सही केली की परत घेणार. मी निरोप धाडला, की गैरसमज माझा नाही, आणि खेद तर मुळीच नाही. या सहीला माझा हात उचलत नाही, कारण हे पाणी आमच्या दारावरून वाहतं. माझी आई त्या नदीत कपडे धूत नसे, कारण तिच्या काळी टाक्याच नव्हत्या आणि नदीला गिरणीचा रंग असे. गिरणीत लाल कागद निघाला की पाणी लाल, निळा निघाला की निळं. टाक्या कुणी दान दिल्या नाहीत. बाबांच्या पिढीने संपावर बसून, खटले लढून त्या बांधायला लावल्या. कुणीतरी भांडलं म्हणून नदीत परत मासे आले. आणि आता एका आकड्यासाठी मी ते सगळं परत देऊ? 'गैरसमजातून'?

कुलूप परत लागलंय, यावेळी साखळीसकट. माझ्या जागी प्रॅट नावाचा कुणी बाहेरून येतोय, कायमचा माणूस मिळेपर्यंत तात्पुरता.

गावाचं विचारशील तर अर्धं गाव मला सलाम करतं आणि अर्धं रस्ता बदलतं. जोएल घरी येतो, बाळाला माझ्या मांडीवर देतो आणि खिडकीबाहेर बघत बसतो. काल म्हणाला, "सासूबाई, तुमचं खरं आहे. पण खऱ्यावर चूल पेटत नाही." मी म्हटलं, "खोट्यावर पेटते, पण घराला लागते." मग दोघांनीही सूप संपवलं.

तुझं पत्र का नाही?

ओदील


केनॅक फॉल्स
१४ मार्च

श्री. आर्मां सीर यांस,

काल गावसभा झाली. शाळेच्या व्यायामशाळेत, नेहमीसारखी, घडीच्या खुर्च्यांवर. व्हिटकॉमने उभं राहून वाचून दाखवलं, की गिरणीचा गाळ निम्म्यावर आला आहे. टाळ्या पडल्या. मी हात वर केला. सभापतींनी बघून न बघितल्यासारखं केलं, तेव्हा मी उठलेच.

म्हटलं, "माझा एकच प्रश्न आहे. निम्मा गेला कुठे? जाळला का? पुरला का? कुणाच्या शेतात टाकला का? गिरणीने कागद तेवढाच बनवला, घाण तेवढीच आली, जंतूंनी खाल्लं तेवढंच. मग निम्मा गेला कुठे? घरातला कचरा पलंगाखाली सारून पोरं आईला सांगतात, घर झाडलं. आई पलंगाखाली बघते. या गावात एक तरी आई आहे का?"

सभापती म्हणाले, "मिसेस लव्हासर, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही. बसा."

"नदीसुद्धा कार्यक्रमपत्रिका वाचून चढत नाही," मी म्हटलं आणि बसले. टाळ्या नाहीत.

हे मला सोसलं असतं. पण नंतर तळघरात जेवणाला बसलो, बीन्स आणि काळा पाव, नेहमीचंच, आणि बॉयलरवाल्याची बायको माझ्या ताटात वाढता वाढता म्हणाली, "तुमचा आतेभाऊ आला होता की गिरणीत! व्हिटकॉमबरोबर टाक्यांभोवती फिरला, जेवला, गेला. तुम्हाला भेटला नाही?"

नाही. भेटला नाही. गिरणीच्या फाटकापासून माझा जिना दिसतो, आर्मां. तू तो बघितलास आणि चढला नाहीस. त्यांनी तुला माझी खुर्ची देऊ केली, हे कळायला मला फार डोकं चालवावं लागलं नाही.

बाबांनी तुला पाइप हातात दिला होता ना? बस त्या खुर्चीवर. पण मग मला पत्र लिहू नकोस.

ओदील लव्हासर


लँबर्ट सायडिंग
१८ मार्च

ओदील,

'श्री. आर्मां सीर यांस' वाचून माझी बायको म्हणाली, "बँकेचं आहे का?" मी म्हटलं, बँक बरी.

हो, आलो होतो. हो, तुझी खुर्ची देऊ केली. जेवणात भाजलेली डुकराची तंगडी होती, ती चांगली होती, हेही लिहितो म्हणजे काही लपवलं असं व्हायला नको.

आलो कारण तुझ्यावर माझा विश्वास नव्हता. आता राग येऊ दे. मला वाटलं, ओदील वाढवून सांगते, बोलायला उभी राहिली की तिच्या तोंडी पावशेराचं मणभर होतं. म्हणून टाक्या स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या होत्या, आणि तुझ्या जागेसाठी आलोय असं म्हटल्याशिवाय ते आत सोडणार नव्हते.

बघितल्या. हवा फुंकतात त्या टाकीवर तपकिरी फेसाची साय, फावडं उभं राहील इतकी घट्ट. काचेच्या बरणीत गाळ घेतला तर खाली बसायचं नावच घेत नाही, कापसासारखा फुगून राहतो. निवळण्याच्या टाकीत तो काठाखाली वीतभर येऊन थांबलाय. तू वाढवून सांगितलं नव्हतंस. कमीच सांगितलं होतंस.

व्हिटकॉमला म्हटलं, "हे बर्फ वितळेपर्यंत टिकणार नाही." तो म्हणाला, "टिकायला हवं ते घेणारे येईपर्यंत. घेतोस ना काम?" मी म्हटलं, "ती खुर्ची माझ्या मापाची नाही." आणि निघालो.

जिना का चढलो नाही? कारण तू दार उघडल्या उघडल्या माझ्या तोंडावरून वाचलं असतंस, की मी इतके दिवस तुला गप्प बस म्हणत होतो ते चूक होतं. आणि मग मला ते तासभर ऐकावं लागलं असतं. मला ऐकू येत नाही, पण तुझं येतं.

आता गप्प बसू नकोस.

आर्मां


केनॅक फॉल्स
१३ एप्रिल

आर्मां,

तुझ्या पत्रावर मी आधी चिडले, मग हसले, मग मेणबत्ती लावायला देवळात गेले. मेणबत्तीचा उपयोग झाला नाही.

नदीच्या बर्फावर दरवर्षी पिंप ठेवतात, ते कधी वाहून जाईल यावर गावभर पैजा लागतात. गेल्या आठवड्यात उबारा आला, वर पाऊस. पिंप गेलं. पुलावर लोक आरडाओरडा करत होते, आणि त्याच वेळी खालच्या अंगाला पाणी तपकिरी झालं. वितळलेलं पाणी टाक्यांत शिरलं आणि हिवाळाभर पलंगाखाली सारलेलं सगळं काठावरून नदीत गेलं.

छोटे चंदेरी मासे नदीतून ओढ्यात चढायचे हे दिवस. ओढ्याच्या तोंडाशी लोक जाळ्या घेऊन उभे होते. वर आला तो राखाडी बुळबुळीत चिखल, त्यात गुदमरलेले मासे. म्हातारे टोप्या काढून उभे होते. पैजा कुणी जिंकल्या ते विचारायचंही कुणाला सुचलं नाही.

प्रॅटने घाबरून फुगलेला गाळ खाली बसावा म्हणून टाकीत क्लोरीन ओतलं. थोडं ओतलं असतं तर औषध झालं असतं. त्याने इतकं ओतलं की होते नव्हते तेही जंतू मेले. आता टाकीत दुधाळ पाणी आहे, पोहण्याच्या तलावासारखा वास येतो. सरकारी माणसं आली, गिरणीला टाळं लागलं. टाकी जिवंत झाल्याशिवाय एक कागदसुद्धा बनवायचा नाही असा हुकूम आहे. घेणारे फाटकावरून परत गेले. प्रॅटही गेला.

जोएल घरी आहे. सगळे घरी आहेत. काल रस्ता बदलणाऱ्यांपैकी दोघांनी मला थांबवलं. एक म्हणाला, "तुमचं ऐकायला हवं होतं." दुसरा म्हणाला, "तुम्ही आणखी मोठ्याने ओरडायला हवं होतं." याहून मोठ्याने? आर्मां, तू बहिरा असूनही तुला ऐकू गेलं होतं!

मी जिंकले असं वाटत नाही. मासे मेले.

ओदील


लँबर्ट सायडिंग
१७ एप्रिल

ओदील,

आमच्या साहेबांना व्हिटकॉमचा फोन आला. विरजण हवंय. जितके टँकर देता येतील तितके. आजूबाजूला एवढा जिवंत गाळ दुसऱ्या कुणाकडे नाही. साहेब म्हणाले, "आर्मां, टाकी तुझी, तू ठरव."

मी ठरवलंय. देणार नाही. एक बादलीसुद्धा नाही. रीत मोडली तर मोडली. त्याने इथवर गुडघ्यांवर चालत यावं, आणि आला तरी मी त्याला कुट्टूच्या पिठाचे घावन खायला घालून परत पाठवीन. तुझ्यासाठी एवढं तरी करू दे.

इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. लगेच लिही, "शाबास."

आर्मां


केनॅक फॉल्स
२० एप्रिल

आर्मां,

शाबास नाही. दे.

व्हिटकॉमला मी क्षमा केली म्हणून नव्हे. तो इथून हलला तर मी घंटा वाजवीन. पण त्याला शिक्षा म्हणून तू टाकी मेलेली ठेवलीस तर उपाशी कोण राहील? व्हिटकॉम? त्याला दुसरी गिरणी मिळेल. उपाशी राहील ते माझ्या मांडीवरचं बाळ. माणसाला धडा शिकवायला गाव ओलीस धरणं, हे त्यांचं काम आहे. आपण त्यांच्याशी भांडतो ते त्यांच्यासारखं व्हायला नाही. आणि तुझे गुबगुबीत जंतू मालक कोण हे विचारत नाहीत. समोर घाण दिसली की खातात. त्यांच्याइतकं तरी सरळ राहू या.

पण रीत अर्धी पाळू नकोस. पुरती पाळ. विरजण नाकारायचं नाही, ही तिची एक बाजू. दुसरी बाजू तूच जानेवारीत लिहिली होतीस: जो चारणार, त्याच्याच हातात. फाटकाशी कोण उभं असेल ते विचार. मॅनेजरच्या हाती पाइप द्यायचा नाही. आणि मी त्या फाटकातून आत जाईन ती सही करून नव्हे, तीन नंबरखालची नवी चाळण बघून.

बटाट्यावर पोसलेले जंतू लाकूड खातील का, अशी मला शंका आहे. पण भूक लागली की खातील. आपणही खाल्लं होतं, संपाच्या वर्षी, जवळजवळ.

ओदील


केनॅक फॉल्स
३० मे

लाडक्या बहिऱ्या,

तुझी टँकरवाली डार्लीन परत आल्यावर तिने काय सांगितलं असेल कुणास ठाऊक, कारण तू तिचं निम्मं ऐकलं असशील. तेव्हा मी लिहिते. उशीर झाला, कारण हात कामात होते.

टँकर फाटकाशी आला तेव्हा सगळी गिरणी रस्त्यावर होती. मी माझ्या जिन्यावर, पहिल्या पायरीवर. तेवढा ताठा मी ठेवला होता. व्हिटकॉम पुढे झाला. "आणा, आणा, इकडून घ्या." डार्लीनने खिडकीतून डोकं काढलं. केवढी बाई आहे ती! म्हणाली, "चारणार कोण?"

"मी मॅनेजर आहे."

"ते दिसलं. चारणार कोण?"

"बाई, गाळ आत घाला, माणूस आम्ही बघू."

तिने इंजीन बंद केलं, पाय वर घेतले आणि सँडविच काढलं. "मला आर्मांने सांगितलंय, तासाभरात हात सापडला नाही तर परत फिर. यांना फार वेळ उपाशी ठेवता येत नाही."

कुणीतरी हसलं. मग जोएल, आपला जोएल, खिडकीबाहेर बघत बसणारा, मागे वळून मोठ्याने म्हणाला, "सासूबाई, चला!" आणि सगळे वळले. ज्यांनी रस्ता बदलला होता त्यांनी रस्ता दिला.

व्हिटकॉमने खिशातून तोच कागद काढला. 'गैरसमजातून.' घड्या पडून मऊ झाला होता. "फक्त सही, ओदील. वरच्यांना काहीतरी दाखवावं लागतं."

मी म्हटलं, "वरच्यांना टाकी दाखव." मग जोएलकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "चाळण?"

"नवीन बसली. काल मी स्वतः आवळली."

"प्रेसचे पट्टे?"

"आलेत."

"आणि कुलूप?"

किल्ली जोएलकडे नव्हती. सगळे व्हिटकॉमकडे बघायला लागले. डार्लीनने सँडविचचा आणखी एक घास घेतला. त्याने खिशात हात घातला आणि किल्ली दिली. मी ती घेतली, डार्लीनने माझ्या हातात पाइप दिला, आणि तुझा गाळ आत गेला. ओल्या मातीचा वास, आर्मां. पाऊस पडून गेलेल्या बटाट्याच्या शेतासारखा. मला बाबा आठवले. रडले नाही. पाइप दोन्ही हातांनी धरावा लागतो.

पहिला आठवडा त्यांनी काही खाल्लं नाही. मी त्यांना काकवी घातली, थोडा थोडा लगदा दाखवला, रागावले, गाणीही म्हटली. मग एका सकाळी फेस पातळ आणि फिका झाला, बरणीतला गाळ शहाण्यासारखा खाली बसला आणि वर स्वच्छ पाणी राहिलं. गिरणीचं टाळं पंधरवड्यापूर्वी निघालं. घेणारे अजून आलेले नाहीत. येतील किंवा नाहीत. व्हिटकॉम अजून मॅनेजर आहे आणि मला बघून रस्ता बदलतो. मी त्याची सही न केलेली बाई आहे, आणि तशीच राहीन. नदीत मासे यंदा नाहीत. पुढच्या वर्षीचं मी कुणाला वचन देत नाही, पण व्हॉल्व्हजवळच्या खिळ्याला तुटलेल्या कुलपाचा एक तुकडा टांगला आहे. दुसरा व्हिटकॉमने फेकला असणार. फेकू दे.

चाळण बदलल्यापासून लगदा कागदात जातो, आणि प्रेस चोथा कोरडा काढते, तो बॉयलरमध्ये जळतो. काल पहिल्यांदा उरलेला गाळ सगळा मिळून तोलला. पुढच्या गावसभेत मी पुन्हा हात वर करणार आहे, आणि या खेपेला सभापतींनी बसा म्हटलं तरी बसणार नाही.

गाळ निम्मा झालाय, आर्मां. आणि निम्मा कुठे गेला, ते मी कुणालाही हाताला धरून दाखवू शकते.

तुझी तोंडाळ,
ओदील